मंगला गौरीच्या भिंतीवरचं वाक्य

काशीला जाऊन आलं की लोक दोन गोष्टी विचारतात. गंगाजल आणलंत का, आणि काय सोडलंत. तिथे जाऊन एखादं फळ, एखादी भाजी जन्माची सोडायची अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. आमच्या सोसायटीतल्या बहुतेक जणी कारलं नाहीतर पडवळ सोडून आल्या आहेत, म्हणजे पुण्यही पदरात आणि घरात कुणाची गैरसोयही नाही. मी एक वाक्य सोडून आले. ते माझंच होतं आणि मला फार आवडायचं.

माझी सगळी नोकरी आरोग्यविम्यात गेली. निवृत्त झाल्यावर बायका बागकाम करतात, मी लेख लिहायला लागले, आणि तेही एकाच विषयावर: डॉक्टरला पैसे कशाचे द्यावेत. आपण देतो ते खेपेचे. पेशंट आला, सुई टोचली, पैसे. आला नाही तर नाही. मग डॉक्टरला तुमच्या तब्येतीत रस कशाला असेल? माझं म्हणणं असं की प्रत्येक कुटुंबानं घराजवळच्या डॉक्टरला वर्षाची ठरावीक रक्कम द्यावी आणि डॉक्टरनं त्या माणसांची जबाबदारी घ्यावी. कोणत्या गोळ्या चालू आहेत, मोठ्या डॉक्टरकडे कधी पाठवायचं, तिथून काय सांगून पाठवलंय, हे सगळं एका ठिकाणी असावं. यावर मी इतकं लिहिलं आहे की घरात विषय निघाला की माझा मुलगा मोबाईल घेऊन गॅलरीत जातो.

त्यातल्या एका लेखात ते वाक्य होतं: 'हे पैसे फी नव्हेत, ही आपल्या माणसांची तजवीज आहे.' लिहिल्यावर मी स्वतःच दोनदा मोठ्यानं वाचलं होतं.

हा लेख वाराणसीतल्या डॉ. रेवतीनं वाचला. घर मराठी, वडील रेल्वेत होते, ती जन्मानं आणि शिक्षणानं बनारसची, आणि तिचा दवाखाना मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत, जुन्या मराठी वस्तीत. तिनं मला लिहिलं, फोन केले, आणि खरोखरच आपल्या गल्लीत ही पद्धत चालू केली. वर्ष होत आलं होतं. तेवढ्यात त्याच शहरात याच विषयावर एक परिसंवाद निघाला आणि मला भाषणाचं बोलावणं आलं. रेवती म्हणाली, हॉटेलात कशाला, दवाखान्याच्या वर खोली आहे, आमच्याकडेच या न.

मंगला गौरी

गाडी गल्लीत येत नाही. बॅग चाकांची होती, पण तिथल्या फरसबंदीला चाकांचं कौतुक नाही, त्यामुळे मी ती उचलून निघाले. समोरून एक वळू आला. मी बाजूला झाले, तोही त्याच बाजूला झाला. शेवटी एका मिठाईवाल्याच्या ओट्यावर चढून मी त्याला वाट दिली आणि मिठाईवाल्यानं, चढलेच आहात तर म्हणून, कुल्हडमध्ये मलइयो दिलं. थंडीतच मिळणारा तो केशरी फेस जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. मी तीन कुल्हडं खाल्ली. मला साखरेचा आजार आहे, हे इथेच सांगून ठेवते.

आणि मग वळणावर ती भिंत दिसली. दवाखान्याची. पांढऱ्या रंगावर निळ्या अक्षरांत, वर मराठीत आणि खाली हिंदीत, माझं वाक्य. म्हणजे अर्धं. पेंटरला जागा कमी पडली असावी. भिंतीवर एवढंच होतं: 'हे पैसे फी नव्हेत.'

मी बॅग खाली ठेवली, केस नीट केले आणि स्वतःचा फोटो काढायला लागले. मी आणि वाक्य दोघं एकदम मावेनात. पान चघळत जाणारे एक गृहस्थ थांबले, त्यांनी मोबाईल घेतला आणि 'बहिनजी, थोड़ा मुस्कुराइए' म्हणाले. मी हसतच होते. तो फोटो मी पुण्यात सगळ्यांना पाठवला.

संध्याकाळी पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. रेवतीनं दंड धरला, खाली बसवलं, नाडी पाहिली आणि परत आल्यावर दवाखान्यात तिच्या समोरच्या खुर्चीत बसवून म्हणाली, "ताई, तुमच्या साऱ्या दवाया घेऊन या. साऱ्या."

मी वर जाऊन पिशवी आणली. तिनं पाकिटं टेबलावर मांडली. रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी त्यात होती. एक माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, एक साखरेच्या. मी दोन्ही इमानेइतबारे घेत होते.

"तुमचा डॉक्टर कोण?" तिनं विचारलं.

मी हृदयाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. मग साखरेच्या. मग गुडघ्याच्या.

"हे तर हृदयाचे, साखरेचे आणि गुडघ्याचे झाले. तुमचा कोण?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. त्याच विषयावर दुसऱ्या दिवशी माझं भाषण होतं. रेवतीच्या लक्षात ते आलं असणार, पण मुलगी समंजस. एक पाकीट बाजूला ठेवून उद्या तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, मीही बोलते, एवढंच म्हणाली.

रात्रीच्या जेवणात तिच्या आईनं निमोना केला होता, म्हणजे वाटलेल्या ताज्या मटारांची आमटी. ती मोठ्या प्रेमानं वाढत होती, पण रेवती गप्प होती. यजमानीण नीट हसून बोलेल अशी माझी अपेक्षा होती. मला वाटलं, गोळ्यांमुळे रागावली. तसं नव्हतं. तिची योजना बुडत होती.

कसं ते ऐकून मला आधी हसू आलं. वर्ष संपायला थोडेच दिवस राहिले, तसा दवाखान्यात सगळा धडधाकट माणसांचा मेळा भरायला लागला होता. वर्षभरात काहीच आजार झाला नाही, मग भरलेले पैसे वाया जायचे का, म्हणून लोक रक्तदाब मोजून घ्यायला, कान तपासून घ्यायला, एखादी ताकदीची सुई मारून घ्यायला येत होते. एक जण तर सगळं कुटुंब घेऊन येऊन म्हणाला होता, दीदी, काहीतरी काढा न, काहीच नाही असं कसं.

"ते ठीक आहे," रेवती म्हणाली. "ते तर समजावता येतं. पण गुरुजी नाही येत. पूर्ण सालात एकदाही नाही आले. आणि सारी गल्ली गुरुजींकडे बघते. लोक म्हणतात, जेव्हा गुरुजीच जात नाहीत, तेव्हा काहीतरी गडबड असणार. वसंत पंचमीला पुढच्या सालचे पैसे यायला पाहिजेत. नाही आले तर मी पुन्हा सुई टोचत बसेन."

वामनगुरुजी रामघाटावर राहतात. पाठशाळेत वेद शिकवतात. सगळ्यात आधी पैसे त्यांनीच दिले होते, आणि त्यांना साखरेचा आजार आहे हे रेवतीला पक्कं ठाऊक होतं. मग ते का येत नाहीत? तिला वाटत होतं, ते कशावरून तरी नाराज आहेत. तिच्या आईला वाटत होतं, बाई डॉक्टर नको असेल. मी म्हटलं, लोकांना संकल्पना नीट समजावून सांगायला हवी. मी असं बरेचदा म्हणते.

परिसंवाद

याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथेही ते थोडक्यातच आटोपलं. माझं भाषण जेवणानंतर होतं. जेवणात कचोरी आणि रबडी होती. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या तिसऱ्या वाक्याला झोपले आणि टाळ्यांना जागे झाले. कुणीतरी विचारलं, असं कुठे प्रत्यक्ष चालू आहे का? मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. मी पडद्यावर माझा भिंतीखालचा फोटो दाखवला. डॉक्टरला आजाराचे पैसे दिले तर तो आजाराची वाट बघतो, माणसाचे दिले तर माणसाची वाट बघतो, असंही ठोकून दिलं. आता आठवलं की कान गरम होतात. रेवती खरंच माणसाची वाट बघत बसली होती आणि माणूस येत नव्हता, हे मला आदल्या रात्रीच कळलेलं होतं.

रामघाट

पुण्याहून कुणी आलं की रामघाटावरून जेवायचं बोलावणं येतंच. या वेळी ते गुरुजींच्या घरून आलं, त्यांच्या पत्नीकडून, काकूंकडून. मी बाकरवडी घेऊन गेले. काकूंनी ती आनंदानं ठेवून घेतली आणि जरा वेळानं हळूच विचारलं, गोडा मसाला नाही आणला? आता बाकरवडी इथेही मिळते, मसाला तसा नाही मिळत. आपण लांबच्या माणसांना काय हवं ते न विचारताच नेतो. आमच्या धंद्यातही असंच चालतं, पण तो विचार मला तेव्हा सुचला नाही.

गुरुजी सत्तरीचे, उंच, आवाज खणखणीत. कोण कुठल्या, माहेर कुठलं, आजोबांचं नाव काय, हे त्यांनी पान वाढेपर्यंत विचारून घेतलं आणि आमच्या गावची माणसं कोणत्या साली कुणाकडे उतरली होती ते मला सांगितलं. त्यांच्या मराठीत मधूनच हिंदी येई, आणि नातू हाक मारी तेव्हा दोघं सरळ हिंदीतच बोलत. काकूंनी वरणभात, कढी आणि मटारची उसळ केली होती. शहराच्या मध्यात, गंगेच्या काठावर, अगदी आमच्या आजोळची चव. मी तीनदा भात घेतला. पिशवीतल्या गोळ्यांची मला आठवणसुद्धा झाली नाही.

गुरुजी उठले तेव्हा मी पाहिलं, ते लंगडत होते. डाव्या पायाच्या अंगठ्याजवळच्या बोटाला जुनं धोतर फाडून चिंधी बांधलेली होती, हळद बाहेर आलेली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, घाटाची पायरी लागली, बरेच दिवस झाले, दुखत तर बिल्कुल नाही. काकू ताटं उचलताना थांबल्या.  साखरेचा पाय दुखत नाही तेव्हाच घाबरायचं असतं, एवढं विम्याच्या कागदांनी मला शिकवलं होतं.

मी म्हटलं, गुरुजी, दोन गल्ल्या पलीकडे रेवती आहे. तुम्ही तिला वर्षाचे पैसेही दिले आहेत. मग जात का नाही?

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. एवढ्या शिकलेल्या बाईला एवढंही कसं कळत नाही, असं त्या पाहण्यात होतं.

"पैसे कुठे दिले? दान दिलं आहे. तुळशीचं पान ठेवून, संकल्प करून, हातावर पाणी सोडलं. आरोग्यदान. आता दिलेल्या दानाच्या बदल्यात आपण तिथे जाऊन पाय तपासून घ्यायचा? हा तर दत्तापहार झाला. दिलेलं परत घेणं. मी पाठशाळेत मुलांना काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, पण ते दान नाही, गुरुजी.

"फी पण नाही न? भिंतीवर साफ लिहिलंय. डॉक्टर दीदी सांगत होत्या, पुण्याच्या कोणी विदुषी आहेत, त्यांचं वाक्य आहे. आम्ही वाचलं, विचार केला. फी नाही, तर मग शास्त्रात दुसरं काय उरतं?"

काकू म्हणाल्या, बाजारातून विचारून मलम आणलं होतं, पण रेवतीकडे चला म्हटलं तर हे ऐकत नाहीत. आणि आणखी दोन-तीन घरांतही असंच आहे, यांचं बघून.

पुण्याची विदुषी समोरच बसली होती, बोटाला कढी लागलेली. मी सांगायला हवं होतं की ती मीच. मी ताक मागितलं. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की तो पाय माझ्या त्या सुंदर वाक्यामुळे जाणार.

शिंदे घाट

रेवतीला फोन केला तर ती शिंदे घाटाकडे एका बाळंतिणीला बघायला गेली होती. मी तिकडे चालत गेले. तिथे पाण्यात एका बाजूला कललेलं एक देऊळ आहे, लोक त्याचे फोटो काढत असतात. आम्ही त्याच्यासमोर पायरीवर बसलो आणि मी सगळं सांगितलं, तो ताकाचा भागसुद्धा.

 ती म्हणाली, पेंटरकडून ते मी दोनदा लिहवून घेतलं होतं. पहिल्यांदा नीट दिसत नव्हतं म्हणून. हे ती रागानं म्हणाली आणि तिला रागावायचा हक्क होता. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन गुरुजींना समजावते, वार्षिक रक्कम म्हणजे काय, त्यात सेवा कशी अंतर्भूत असते...

"ताई, प्लीज, तुम्ही काही नका समजावू."

मग तीच म्हणाली की चूक तिचीही आहे. गुरुजींनी हातावर पाणी सोडलं तेव्हा तिला तो त्यांचा नेहमीचा रिवाजच वाटला होता. मनातून ती अजून खेपेच्या पैशांची डॉक्टर होती. न बोलावता कुणाच्या घरी गेलं तर लोक म्हणतात धंदा शोधायला आली, म्हणून ती कधी कुणाकडे जात नसे. पण आता तर वर्षाचे पैसे आधीच मिळाले होते. आता न बोलावता जायला हरकत काय होती? हे माझ्या लेखात होतं का, असं तिनं विचारलं. मी आठवून पाहिलं. नव्हतं.

ती तिथूनच बॅग घेऊन उठली. मी मागून निघाले, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

गुरुजी ओसरीत बसले होते. रेवतीला पाहून त्यांनी पाय धोतराखाली घेतला. काकूंनी पाट मांडला. रेवती पाटावर बसली नाही, खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी मी दान घेतलं, पण आशीर्वाद नाही दिला. दान घेणाऱ्यानं दिला पाहिजे न?"

गुरुजी म्हणाले, हां, दिला तर पाहिजे.

"मला मंत्र नाही येत. मला एवढंच येतं." तिनं बॅग उघडली आणि जमिनीवर स्वच्छ कापड पसरलं. "हा माझा आशीर्वाद. तुम्ही नाही म्हणाल तर तुमचं दान अर्धं राहील."

गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले. जन्मभर दुसऱ्यांना दानाचे नियम सांगितलेला माणूस, तो मनातल्या मनात पानं उलटत असावा.  मग त्यांनी डावा पाय हळूच पुढे केला, लोक नमस्काराला येतात तेव्हा करत असतील तसाच.

चिंधी सोडल्यावर काकूंनी तोंड फिरवलं. बोट काळं पडलं होतं. रेवतीनं चेहरा बदलू दिला नाही. तिनं साखर तपासली, जखम धुतली, एका शल्यविशारदांना फोन करून त्याच संध्याकाळची वेळ घेतली आणि स्वतः बरोबर गेली. कोणत्या गोळ्या, किती दिवसांचं दुखणं, सगळं तिनंच तिथे सांगितलं. दवाखाना तेवढा वेळ बंद राहिला आणि तिचं काही बुडालं नाही, कारण पैसे खेपेचे नव्हते. माझ्या सगळ्या लेखांत मी जे म्हणत आले ते एवढंच होतं आणि मी ते पहिल्यांदा पाहत होते. मी रिक्षात पुढे, चालकाशेजारी, गुरुजींची काठी धरून बसले होते. माझ्याकडे तेवढंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. निघताना पेंटर शिडी लावून भिंतीवर पांढरा रंग देत होता. मी फोटो काढला नाही.

पुणे

वसंत पंचमी होऊन गेल्यावर रेवतीचा फोन आला. बहुतेक घरांनी पुढच्या वर्षाचे पैसे दिले. यंदा कुणी पाणी सोडलं नाही, कारण गुरुजींनीच पाठशाळेसमोर उभं राहून सांगितलं की याला दान समजू नका, ही वैद्याची वृत्ती आहे, राजे लोक वैद्याला द्यायचे तशी, घरातल्या प्रत्येकानं जाऊन आपलं शरीर दाखवायचं. भिंतीवर आता लिहिलंय: 'या. बरे असाल तरी या.' हे वाक्य रेवतीच्या आईचं आहे आणि त्यात सुधारण्यासारखं मला काही सापडलं नाही.

मग म्हणाली, गुरुजी इथेच आहेत, पट्टी बदलायला आलेत, बोला.

गुरुजींचा आवाज तसाच खणखणीत होता. मी पायाचं विचारलं. पाय वाचला होता. ते बोट काढावं लागलं होतं.

मी म्हटलं, गुरुजी, ती पुण्याची विदुषी मीच. ते माझं वाक्य होतं.

"ते तर आमच्या हिनं त्याच दिवशी ओळखलं. तुम्ही ताक मागितलं तेव्हाच." आणि हसले. "ताई, लोक काशीला येऊन काहीतरी सोडून जातात. आम्ही इथलेच, आम्ही कधी काही सोडलं नव्हतं. एक बोट सोडलं. तुम्ही मनाला नका लावून घेऊ."

 मग ते विषय बदलून म्हणाले, "रेवती सांगत होती, तुमची पण तबियत ठीक नसते. तुमचं तिथे कोण पाहतं?"

मी म्हटलं, नंतर सांगते.

आमच्या इमारतीच्या खाली, किराणा दुकानाच्या शेजारी एक दवाखाना आहे. इतकी वर्षं मी त्याच्यासमोरून जाते-येते, पाटीवरचं नाव मी त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा वाचलं. आत कुणी नव्हतं. डॉक्टर माझ्याहून जरा लहान, चष्मा कपाळावर ठेवून वर्तमानपत्र वाचत होते. मी माझी औषधांची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली.

त्यांनी विचारलं, काय होतंय?

मी म्हटलं, काही नाही. तुम्ही माझे डॉक्टर व्हाल का?

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि आधी रक्तदाब मोजला.